सहावा गठ्ठा

कुंदानं फ्रिजचं दार उघडलं आणि गॅसवाल्याचा नंबर आमटीत पडला.

नंबर लिहिलेला कागद, म्हणायचंय मला. त्याला धरून ठेवणारं आंब्याच्या आकाराचं चुंबक घरंगळत ओट्याखाली गेलं, आणि त्याच्यामागोमाग लाइटबिल, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि कुणाच्या तरी ब्लाउजचं माप अशी वरात खाली उतरली.

"झालं!" मी म्हणाले. "आता आमटीलाच फोन लाव. सिलिंडर पाठवून देईल."

कुंदानं कागद चिमटीत धरून बाहेर काढला आणि नळाखाली धुतला. "बरं झालं. मीठ कमीच होतं."

"अगं, पण शाई गेली की वाहून!"

"मग आमटीत शोधा. तुम्हाला कागद शोधायची सवय आहे."

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते आणि कराडला माझ्या धाकट्या मुलाकडे, हेमंतकडे, राहत होते. कुंदा ही त्याची बायको. माझी सगळी नोकरी पाटणच्या तहसील कचेरीत गेली, त्यातली शेवटची अकरा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये. नवरा मार्चमध्ये गेला, पाटणची भाड्याची जागा सोडली आणि एप्रिलपासून मी इथं आले. आता सप्टेंबर चालू होता. गणपती जाऊन आठवडा झाला असेल.

त्या फ्रिजच्या दाराबद्दल सांगायलाच हवं. फ्रिजच्या डोक्यावर टेलिफोन ठेवलेला. त्यामुळं जगातले सगळे नंबर दारावर. हेमंतचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणून कुणाच्या विहिरीवरची किती हॉर्सपॉवरची मोटार जळली त्याच्या चिठ्ठ्या. कुंदा घरी साड्यांना फॉल-पिको करायची, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची एक चिठ्ठी आणि तिला टाचलेला त्या साडीच्या रंगाचा धाग्याचा तुकडा. नात चिंगी, वय वर्षं नऊ, तिनं काढलेला दोन सोंडांचा हत्ती. एका लग्नाची पत्रिका, आणि तिच्या शेजारीच त्याच जोडप्याच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं. दाराचा मूळचा रंग कोणता होता ते कळायला दार उघडून आतून बघावं लागे.

"सुहासकडे बघ," मी म्हणाले. माझी जीभ तशी कामाची कमी आणि वळवळणारी जास्त. "काय सुरेख दार आहे त्यांच्या फ्रिजचं. एक कागद नाही. पुसलं की तोंड दिसतं."

सुहास माझा थोरला. पुण्यात असतो.

"त्यांना तोंड बघायला वेळ असेल," कुंदा म्हणाली.

"तसं नाही गं. पण घराला एक शिस्त लागते. आमच्या कचेरीत असं दार असतं ना, तर साहेबानं..."

"मग करा की तुम्हीच साफ!" तिनं पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. "सहा महिने ऐकतेय मी, आमच्या कचेरीत, आमच्या कचेरीत. आज शनिवार आहे. चिंगीला सुट्टी आहे. होऊन जाऊ दे तुमची कचेरी."

बोलता बोलता माझी नजर दाराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गेली आणि परत आली. तिथं कमळाच्या आणि मोटारीच्या अशा दोन चुंबकांखाली एक कागद होता. तो कधी पडत नसे. सकाळी दुधाचं पातेलं काढताना रोज मला तो दिसायचा.

'मातोश्रींच्या वास्तव्याचे वेळापत्रक.'

सुहास एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम बघतो. वडिलांच्या चौदाव्या दिवशी, गोडाचं जेवण झाल्यावर, त्यानं दोघा भावांची बैठक घेतली आणि आठ दिवसांत तो कागद टाइप करून आणला. दोन प्रती, एक पुण्याला, एक कराडला. एक एप्रिल ते तीस सप्टेंबर आई हेमंतकडे. एक ऑक्टोबर ते एकतीस मार्च सुहासकडे. पुढं चार वर्षांचं असंच. परीक्षा, मेधाच्या ऑफिसच्या फिरत्या, सगळं धरून तारखा कुठं चार दिवस इकडे, कुठं सहा दिवस तिकडे सरकवलेल्या. अधिक महिना आला तर त्याचेही निम्मे निम्मे. खाली दोघा मुलांच्या सह्या. आणि त्याखाली माझ्या अक्षरात 'वाचून पाहिले, बरोबर आहे' आणि माझी सही. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला.

सुहासनं काही वाईट मनानं केलं नव्हतं. आईचं ओझं एकावर पडू नये आणि आईची माया एकाला कमी पडू नये, असा त्याचा हिशेब. कागद चांगलाच होता. फक्त तीस सप्टेंबर दहा दिवसांवर आली होती आणि मला जायचं नव्हतं.

पुण्याला मी अधूनमधून राहून आले होते, वाईट काही नव्हतं हो. मेधा, म्हणजे सुहासची बायको, इतकी चांगली की तिच्या घरी मला खोकायलाही संकोच व्हायचा. "आई, तुम्ही बसा." एवढंच दिवसभर ऐकायचं. मी बसायची. बसून बसून माझा पाय मुंग्यांनी भरून जायचा. इथं कुंदानं पहिल्याच आठवड्यात माझ्या मांडीवर एक पैठणी टाकली होती आणि म्हणाली होती, "आई, मशीनचा टाका बाहेर दिसतो. हिला हातशिलाईच पाहिजे. डोळे चालतात ना अजून?" तेव्हापासून भारी साड्यांचे फॉल माझ्याकडे. टाका मोठा पडला की उसवून परत करायला लावायची, कडक साहेबासारखी. पुण्यात मला कुणी टोमणा मारत नसे. कराडात सकाळी उठल्यापासून दोन खाल्ल्याशिवाय चहा मिळत नव्हता.

पण हे बोलायचं कसं? मी तोंड उघडलं असतं तर कुंदाला 'राहा' म्हणावंच लागलं असतं, आणि ते 'राहा' मनातलं की भिडेचं, हे मला जन्मभर कळलं नसतं. तिनं आपणहून तर कधी विषय काढला नव्हता. आणि सुहासला काय सांगायचं? तुझं घर स्वच्छ आहे म्हणून येत नाही?

तर त्या शनिवारी मी सतरंजी अंथरली.

"चिंगे, इकडे ये. सहा गठ्ठे करायचे. पहिला, ज्याचं काम आत्ता चालू आहे त्याचा. दुसरा, ज्याला कुणाच्या तरी उत्तराची किंवा तारखेची वाट बघायची आहे त्याचा. तिसरा, जे दर महिन्याला करावं लागतं. चौथा, कायमचे हुकूम. पाचवा, कपाटात जपून ठेवायचं. आणि सहावा..."

"सहावा काय?"

"नष्ट करायचं."

"जाळायचं?" चिंगीचे डोळे चमकले.

"रद्दीत. पण उगाच नाही हं. सहाव्या गठ्ठ्यात घालायच्या आधी अधिकाऱ्याची परवानगी लागते."

"अधिकारी कोण?"

"मी," मी म्हणाले.

"बघा, खुर्ची नाही तरी अधिकारी," कुंदा मधल्या खोलीतून म्हणाली. तिनं मशीन सुरू केलं होतं. पाठ आमच्याकडे, पण कान सतरंजीवर.

चिंगी एकेक कागद काढून देई, मी निकाल देई. लग्नपत्रिका सहाव्यात. बारशाचं बोलावणं सहाव्यात. "अहो, त्या पोराला आहेर द्यायचा राहिलाय!" मशीन थांबवून कुंदा ओरडली. "दुसऱ्यात घाला."

"पोरगं शाळेत जायला लागलं असेल आता."

"मग दप्तर देऊ."

बारसं दुसऱ्यात. मोटारींच्या चिठ्ठ्यांवरून हेमंतला दुकानातून बोलावलं. तो हाताला वंगण घेऊनच आला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"ही साडेसात हॉर्सपॉवरची, मसूर गावची. कधीची?"

"असेल मागल्या पावसाळ्यातली."

"नेली का त्यानं?"

"मोटार नेली. चिठ्ठी राहिली."

"बावीस चिठ्ठ्या आहेत अशा, हेमंत."

"आठवण म्हणून असू दे की गं आई," तो म्हणाला आणि हसत सटकला.

बावीसच्या बावीस सहाव्यात. हत्तीवर मात्र मोठा वाद झाला. मी पाचवा गठ्ठा म्हणत होते, म्हणजे कपाटात. चिंगीला तो दारावरच हवा होता. कपाटात हत्ती गुदमरतो म्हणाली. शेवटी हत्ती कायमच्या हुकुमात, चौथ्या गठ्ठ्यात घातला तेव्हा तिनं डोळे पुसले.

"एवढंच राहिलं, आजी." चिंगीनं चवड्यांवर उभं राहून कमळ काढलं, मोटार काढली, आणि तो कागद माझ्या हातात दिला. "हा कोणता गठ्ठा?"

कचेरीत असते तर डोळे मिटून सांगितलं असतं. तारीख यायची आहे, म्हणजे दुसरा गठ्ठा. त्यात विचार करायला काही नव्हतंच. मी कागदाची घडी केली. परत उघडला. खाली माझीच सही.

तीस वर्षांत मी एक कागद वेळेआधी नष्ट केला नव्हता. लोक चहा पाजायचे, गोड बोलायचे, एक सात-बाराचा तुकडा गायब व्हावा म्हणून. माझ्या खोलीतून वाळवीनं खाल्लेला कागदसुद्धा पंचनाम्याशिवाय बाहेर गेला नाही.

"सहावा," मी म्हणाले.

मशीन क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

चिंगीनं तो बावीस मोटारींच्या मध्ये सरकवला. सहावा गठ्ठा सुतळीनं बांधून मी स्वतः मागच्या दाराशी, रद्दीच्या पोत्यात ठेवून आले. मग ओल्या फडक्यानं दार पुसलं. खालून फिकट पोपटी रंग निघाला. त्याच्यावर एकटा दोन सोंडांचा हत्ती.

"अगंबाई, असा होता होय आपला फ्रिज!" कुंदा हात पुसत येऊन उभी राहिली. "दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटतंय." तिनं दार वरपासून खालपर्यंत बघितलं. उजव्या कोपऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. मग ती भाजी निवडायला बसली.

संध्याकाळी दिवा लावला आणि हात जोडले तर डोळ्यापुढं तो कागदच. पोरांनी सह्या करून केलेला कागद, आणि मी तो चोरासारखा मोटारींच्या चिठ्ठ्यांत लपवला. स्तोत्र अर्ध्यात सोडून मी मागच्या दाराशी गेले. पोत्यात हात घातला, गठ्ठा काढला, सुतळी सोडली. मसूर होती, ओगलेवाडी होती, बावीसही मोटारी मी मोजल्या.

वेळापत्रक नव्हतं.

सुतळी सोडताना नखं लागली होती. ती गाठही, आता ध्यानात आलं, माझी नव्हती. मी कचेरीची गाठ मारते, एका ओढीत सुटणारी. ही फॉलचे गठ्ठे बांधायची दुहेरी गाठ होती.

मी तशीच पोत्यावर टेकले. म्हणजे कुंदानं बघितलं होतं. बघून, मला एक शब्द न बोलता, कागद काढून ठेवून दिला होता. का ठेवला असेल? एक तारखेला समोर धरायला, आणखी कशाला? 'आई, हा चुकून रद्दीत गेला होता हं.' एवढं ती म्हणाली असती आणि हसली असती, तर माझी तीस वर्षांची नोकरी तिथंच धुतली गेली असती. आणि मी इथं नको आहे तेही न सांगता कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले आणि पहिला तांब्या अंगावर घेताच किंचाळले. तेव्हा आमच्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. सकाळी कुंदाच तो पेटवायची.

"काय गं हे! सोलून काढतेस का मला?"

"लाकूड चांगलं लागलंय आज," ती बाहेरून म्हणाली. "विसण घ्या की. गार पाणी भरलेलंच आहे."

"विसणाला बादली रिकामी करावी लागेल!"

"मग करा. वेळ आहे की तुम्हाला."

वेळ आहे की तुम्हाला! त्या एका वाक्यावर मी तीन दिवस काढले. नऊ दिवसांचा वेळ, असंच म्हणायचं होतं ना तिला?

त्या दिवसांत घरात कुणाला काही सापडत नव्हतं. हेमंतनं गॅसच्या नंबरसाठी तिसऱ्या गठ्ठ्यात बघितलं, मग पाचव्यात. शेवटी शेजारच्या घरी विचारून आला. कुंदानं मोरपंखी साडीला हिरवा धागा लावला, कारण धाग्याचे सगळे तुकडे मी एका डबीत एकत्र केले होते. "छान झालं हो कचेरीचं काम," ती फॉल उसवताना म्हणाली. "मामलेदारीणबाईंना बढती द्या कुणीतरी." मी नेहमीचा टोला न देता उसवलेला दोरा गोळा करत बसले. ती भुवया उंचावून माझ्याकडे बघत राहिली.

सव्वीस तारखेला तिनं स्टुलावर चढून माळ्यावरून माझी बॅग काढली. मोठी, निळी, पाटणहून आलेली. झटकली आणि उन्हात उघडी टाकली.

गडद जांभळी नऊवारी मांडीवर होती. तिचे टाके मी इतके बारीक घातले की कुंदासुद्धा खोट काढू शकली नसती. म्हटलं, निदान शिलाईची आठवण राहू दे.

आणि अठ्ठावीस तारखेला, रविवारी सकाळी, फ्रिजवरचा फोन वाजला.

फोन मी घेतला. सुहास. त्याचा आवाज असा की रिसीव्हर वीतभर लांब धरला तरी सगळ्या घराला ऐकू जातो. हेमंत दाढी करत होता, कुंदा ओट्याशी कणीक मळत होती.

"आई, कशी आहेस? बरं ऐक, न्यायला नक्की कधी येऊ? एकला की चारला? त्या तारखा मी चार दिवस पुढंमागं केल्या होत्या बघ. माझी प्रत सापडेना. आमचा फ्रिज स्टीलचा ना, त्याच्या दाराला चुंबकच चिकटत नाही. मेधानं कुठंतरी आत ठेवली. तुमच्या दारावर असेल की. बघून सांग."

मी मान वर केली. समोर फिकट पोपटी दार आणि दोन सोंडांचा हत्ती.

मला तारीख पाठ होती. अधिक महिन्यासकट पाठ होती. पण खरं सांगावं तर जावं लागतं, आणि खोटं मला कधी आलं नाही.

"आई? ऐकू येतंय ना?"

कणकेचा हात पुढं आला आणि रिसीव्हर माझ्या हातातून गेला.

"भाऊजी, मी कुंदा. आईंचा चष्मा जवळ नाहीये. थांबा, मीच वाचते." ती फ्रिजसमोर अगदी ताठ उभी राहिली. दाराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर नजर लावली. तिथं काही नव्हतं, हे तिला, मला आणि हत्तीला माहीत होतं. "हं. समोरच आहे. 'मातोश्रींच्या वास्तव्याचे वेळापत्रक.' वर तारीख आहे. मग 'कलम एक. पहिले वर्ष, वर्षश्राद्ध होईपर्यंत, मातोश्री हेमंत यांचेकडे राहतील.'"

"वर्षश्राद्ध?" सुहास म्हणाला. "मी सहा-सहा महिने केले होते गं."

"ते कलम दोन. 'त्यापुढील वास्तव्य मातोश्रींच्या सोयीने ठरविण्यात येईल.' 'ठरविण्यात' मधलं 'वि' जरा पुसट झालंय, पण वाचता येतं." तिनं बोटानं दारावर ओळ धरली. कणकेचा एक ठसा उमटला. "खाली तुमची सही आहे, भाऊजी. लांब शेपटीची. तुमचीच ना ती?"

हेमंत अर्ध्या गालाला साबण लावून दारात येऊन उभा राहिला होता. तो रिकाम्या दाराकडे बघे, बायकोकडे बघे.



"आईला दे," सुहास म्हणाला.

मी रिसीव्हर घेतला. त्यालाही कणीक लागली होती.

"आई, असं लिहिलंय?"

कुंदा माझ्याकडे बघत नव्हती. ती दारावरचा कणकेचा ठसा नखानं खरवडत होती, ठसा निघून गेला तरी खरवडतच होती.

"वाचून पाहिलं," मी म्हणाले. "बरोबर आहे."

सुहास म्हणाला, "बरं. तसं असेल तर तसं." त्या आवाजात सुटका होती की वाईट वाटणं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. "दिवाळीला तरी येशील ना?"

"येईन की. चांगली पंधरा दिवस येईन."

फोन ठेवला. हेमंत म्हणाला, "हे काय चाललंय? कागद कुठाय?"

"तुम्ही दाढी करा," कुंदा म्हणाली. "साबण वाळला." आणि तो गेल्यावर परत परातीकडे वळली.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. "कुंदा, कागद कुठाय?"

"बंबात."

"बंबात?"

"तुमच्याच आंघोळीचं पाणी तापलं त्यावर. बोंबलला नाहीत का मागल्या रविवारी, सोलून काढतेस म्हणून? सुहासभाऊजींचा कागद जाड, मस्त पेटला." तिनं कणकेला एक बुक्की घातली. "तुम्ही तो सहाव्यात टाकलात म्हणून बरं. रोज दूध काढताना मी त्याच्याकडे बघायची. तुम्ही नसता टाकला तर मीच कधीतरी आमटीत पाडला असता."

"अगं मग बोलायचं नाही का!"

"काय बोलू? राहा म्हणू? आख्खी गल्ली म्हणाली असती, सासूला फुकटची शिलाईवाली म्हणून ठेवून घेतली. आणि तुम्ही तर सारखं सुहासकडचं दार, सुहासकडचं दार. मला वाटलं, तुम्ही दिवस मोजताय."

"आणि बॅग कशाला काढलीस मग?"

"फॉलचे गठ्ठे ठेवायला. डबे पुरत नाहीत, दिवाळीच्या साड्या आल्यात." ती वळली. डोळे कांदा चिरल्यासारखे. कांदा काही घरात चिरला नव्हता. "आणि त्या जांभळ्या नऊवारीचा टाका कसला घातलाय तुम्ही? इतका बारीक? उद्या फॉल बदलायचा म्हटलं तर उसवणार कोण?"

दिवाळीला मी पुण्याला गेले. मेधानं "बसा" म्हटलं, मी बसले, आणि दुसऱ्या दिवशी उठून तिच्या पडद्यांच्या कडा शिवायला घेतल्या. ती आधी घाबरली, मग सुई ओवून द्यायला माझ्याजवळ बसली. स्टीलचा फ्रिज खरंच सुंदर होता. मी तोंडही बघून घेतलं.

निघताना सुहास मला स्वारगेटला एस.टी.त बसवायला आला. गाडीनं सोडतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. खिडकीशी जागा मिळाली. गाडी निघायच्या बेतात होती तेव्हा त्यानं खिशातून एक पाकीट काढलं आणि गजांतून आत दिलं.

"काय रे?"

"सापडली एकदाची. माझी प्रत. टेलिफोनखालच्या ड्रॉवरमध्येच होती, सगळ्यात वर." त्यानं माझ्याकडे न बघता टपाच्या शिडीकडे बघितलं. "तुझ्याकडेच असू दे. माझ्याकडे पुन्हा हरवायची."

"वाचलीस का?"

"वाचायला वेळ कुठं असतो, आई."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. सुहासनं कंडक्टरसारख्या दोन थापा पत्र्यावर मारल्या आणि बाजूला झाला. गाडी वळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

पाकीट मी सगळ्या वाटेत उघडलं नाही. कराडला पोचले तेव्हा दिवे लागले होते. स्वयंपाकघरात शिरले तर फ्रिजचं पोपटी दार कुठं दिसेनासं झालेलं. नवीन मोटारी, नवीन धागे, हत्तीला एक पिल्लू, आणि गॅसवाल्याचा नंबर जुन्या जागी, आमटीच्या बरोब्बर वर.

"आलात?" कुंदा म्हणाली. "एवढ्या लवकर? मला वाटलं, स्वच्छ घर आवडलं म्हणून राहताय तिकडंच."

मी पाकीट तिच्या हातात दिलं.

तिनं उघडून बघितलं. वरची ओळ वाचली, खालची सही बघितली. मग ते घडी करून ब्लाउजमध्ये खोचलं.

"उद्या सकाळी," मी म्हणाले, "विसणाला दोन बादल्या ठेव."